पात्रं सपाट का होतात, आणि कादंबरी चाळिसाव्या पानावर का अडते

प्रश्न विचारणाऱ्या ताई ३१ वर्षांच्या आहेत. इचलकरंजीत एका पतसंस्थेत नोकरी, घरी तीन वर्षांची मुलगी. चार वर्षांत त्यांनी तीन कादंबऱ्या सुरू केल्या आणि तिन्ही चाळीस-पन्नास पानांवर अडल्या. दोन कथा दिवाळी अंकांकडे पाठवल्या, त्या परत आल्या. एका संपादकांनी कारणही कळवलं: ‘पात्रं सपाट वाटतात.’ मग त्यांनी पात्रांचे तक्ते भरायला घेतले. आवडता रंग, सगळ्यात मोठी भीती, लहानपणची जखम, एक गुण, एक दोष. तिसऱ्या कादंबरीतल्या अप्पांचा तक्ता अकरा पानांचा झालाय, तरी अप्पा कागदावरून उठत नाहीत. त्या विचारतात, रोज लिहायची सवय कशी लावायची? आणि पात्रात गुंतागुंत आणायची कशी?

ताई, माझ्या मते हे दोन्ही प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत. म्हणून उत्तर एकत्रच देते. थोडं लांबेल.

मी २६ वर्षं तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात कारकून होते. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, मृत्युपत्र, हक्कसोडपत्र. माणसं आयुष्यातल्या फार अवघड दिवशी आमच्या बाकावर येऊन बसायची आणि नंबर पुकारला जाईपर्यंत एकमेकांशी बोलायची, किंवा बोलायची नाहीत. कथा लिहायला मी त्याच वर्षांत शिकले. त्यामुळे उदाहरणही तिथलंच देते.

वडील गेले की जमिनीला मुलगे आणि मुली, सगळ्यांची नावं वारस म्हणून लागतात. बहिणीला आपला हिस्सा भावाला सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं. मग तलाठ्याकडे फेरफार होतो आणि सातबाऱ्यावरून तिचं नाव कमी होतं. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानं हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळलेल्या होत्या. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं ती अट उरली नाही. माझ्या कथेतल्या आक्काचं लग्न १९७८ मधलं. म्हणजे जो हक्क तिला तीस वर्षं कुणी दाखवला नव्हता, तो मिळाला आणि लगेच सोडून देण्यासाठी तिला तालुक्याला बोलावलं गेलं.

ही कथा मी तीनदा लिहिली.

पहिल्या खर्ड्यात भाऊ लोभी होता आणि बहीण सोशिक. ती सही करते, पदरानं डोळे पुसते, एसटीत बसते. वाचणाऱ्याला तिची कीव आली असती आणि पान उलटल्यावर तो तिला विसरला असता.

दुसऱ्या खर्ड्यात मी तेच केलं, जे तुम्ही आता करताय. बहिणीला एक दोष दिला, ती फटकळ आहे. भावाला एक गुण दिला, तो बैलांवर जीव टाकतो. काळ्यात थोडं पांढरं आणि पांढऱ्यात थोडं काळं मिसळलं की माणूस होतो, अशी माझी समजूत होती. कथा होती तिथेच राहिली. आक्काच्या फटकळपणाचा सहीशी संबंध नव्हता, आणि बैलाच्या पाठीवरून हात फिरवणाऱ्या भावाला तो हात जमिनीच्या कागदावर ठेवताना काय होतं, हे मला सांगता येत नव्हतं.

तिसऱ्या वेळी मी एक वेगळी वही घेतली आणि त्या दोघांमधलं देणंघेणं लिहून काढलं. पैशांचं आणि बाकीचंही. जमाखर्चासारखी समोरासमोर दोन पानं.

भावाच्या पानावर आलं ते असं. वडील लकव्यानं नऊ वर्षं अंथरुणावर होते, त्यांचं सगळं त्यानं आणि त्याच्या बायकोनं केलं. आक्काची दोन्ही बाळंतपणं त्याच घरात झाली. आक्काच्या नवऱ्याची नोकरी सुटली तेव्हा चार वर्षं, दर सुगीला, त्यानं एक पोतं ज्वारी तिच्या घरी पोचवली.

आक्काच्या पानावर आलं ते असं. आई गेली तेव्हा ती तेरा वर्षांची होती आणि भाऊ सहा. त्याला सांभाळायचं म्हणून तिची शाळा सातवीत सुटली. पुढे विहीर खणताना खडक लागला, पैसे कमी पडले, तेव्हा तिनं हातातली पाटली मोडायला दिली. ती परत करायची ठरली होती. नंतर तो विषय कुणी काढला नाही.

बेरीज करून पाहिली, जमेना. नऊ वर्षांच्या सेवेतून सुटलेली शाळा वजा करता येत नाही. कोण कोणाचं देणं लागतं याचा निकाल मला लावता येईना, आणि मला पहिल्यांदा त्या दोघांची भीती वाटली. ही भीती चांगली. पात्राचा निकाल लेखकाच्या हातात तयार असतो तोवर ते पात्र निबंधातल्या उदाहरणासारखं वागतं.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे सापडली. दोघांच्या मनातल्या वह्या सारख्या नव्हत्या. भावाच्या लेखी ती चार पोती म्हणजे पाटलीची परतफेड होती. तोंडानं तो कधी बोलला नाही, पण त्याच्या मनातलं ते खातं बंद झालं होतं. आक्काच्या लेखी ती ज्वारी मामानं भाच्यांना दिलेली होती, पाटलीशी तिचा संबंधच नव्हता. पोतं एकच, पण दोन वह्यांत दोन वेगळ्या खात्यांवर चढलेलं. दोघंही खोटं बोलत नाहीत. दोघंही वाईट नाहीत. आणि दोघांनाही वाटतंय की समोरच्याला हे कळायला हवं होतं.

तुम्ही ज्याला गुंतागुंत म्हणताय ती ही. ती एका माणसाच्या पोटात शोधून मिळणार नाही. अकरा पानांच्या तक्त्यातलं प्रत्येक उत्तर अप्पांच्या एकट्याबद्दल आहे. एकट्या माणसाला स्वभाव फारसा नसतो. घरमालकासमोर, थोरल्या भावासमोर, उधारी थकलेल्या दुकानदारासमोर, आजारी बायकोसमोर तोच माणूस चार प्रकारे उभा राहतो, आणि त्या चार उभं राहण्यांमध्ये जो ताण असतो त्याला आपण मागाहून स्वभाव असं नाव देतो.

आता त्या कथेचा शेवट सांगते, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे.

नोंदणीच्या वेळी दस्त वाचून दाखवू का, असं विचारलं की बहुतेक बायका नको म्हणायच्या. आक्का म्हणाली, “वाचा.” गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा वाचून झाल्यावर ती म्हणाली, “विहीर राहिली.” भावाचा चेहरा उतरला. त्याला वाटलं, ही आता अडवणार. आक्का पुढे म्हणाली, “लिहून घ्या. नाहीतर उद्या ह्यांनाच त्रास होईल.”

विहिरीत तिची पाटली आहे, हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं. ती पाटलीही सोडून देत होती. पण ती काय सोडून देतेय हे तिला माहीत आहे, एवढं त्याला कळावं अशी तिनं व्यवस्था केली. आणि ज्याला सहा वर्षांचा असल्यापासून ती ‘बाळू’ म्हणत आली, ‘अरे’ म्हणत आली, त्याला तिनं चारचौघांत ‘ह्यांना’ म्हटलं. एका वाक्यात त्याचं घर नीट लावून दिलं आणि त्याला परकाही करून टाकलं.

हे वाक्य मी ठरवून बसवलेलं नव्हतं. पाटली सहा आठवडे वहीत पडून होती आणि मी रोज पहाटे त्या दोघांजवळ जाऊन बसत होते. विहीर आणि पाटली एकाच वाक्यात येतील हे मला त्या दिवशी कळलं, आधी नाही. आठवड्यातून एका रविवारी सहा तास बसले असते तर हे आलं नसतं, याची मला खात्री आहे. रोज भेटणाऱ्या माणसाच्या बोलण्यातली बारीक खोच लक्षात राहते. महिन्यातून एकदा भेटणाऱ्या पाहुण्याशी आपण हवापाण्याच्याच गोष्टी करतो. पात्रांचंही तसंच आहे, म्हणून सवयीचा प्रश्न आणि पात्राचा प्रश्न मी वेगळे धरत नाही.

तुमच्या कादंबऱ्या चाळिसाव्या पानावर का अडतात, याचाही माझा अंदाज यातूनच निघतो. तुम्ही पाठवलेल्या तिन्ही सुरुवाती मी वाचल्या. पहिल्या चाळीस पानांत तुम्ही माणसांची ओळख करून देता आणि ती चांगली करून देता. ओळख संपली की पुढे काय होणार हे माणसांच्या आपसातल्या थकलेल्या देण्यांतून यायला हवं. ती वही कोरी आहे. म्हणून मग तुम्ही अपघात आणता, किंवा एखादं जुनं पत्र सापडतं. तीनपैकी दोन सुरुवातींत तसंच झालंय. तिथे तुमचं मन उडतं आणि तुम्हाला वाटतं की आपली शिस्त कमी पडली.

शिस्तीबद्दल आता थोडं व्यवहाराचं.

आपल्याकडे कथा लिहिणाऱ्यांचं वर्ष दिवाळी अंकांभोवती फिरतं. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या लेखकांनी त्या मुदतीवर लिहिलंय आणि मराठी कथेला त्याचा उपकारच झालाय. पण नव्या लेखकाला त्यातून वाईट खोडही लागते. संपादकांचं पत्र उन्हाळ्यात येतं, मग जून-जुलैत रात्री जागून कथा उरकायची, आणि ऑगस्टपासून पुढच्या वैशाखापर्यंत वही बंद. तुम्ही स्वतःच लिहिलंय की तुमच्या दोन्ही कथा दहा-बारा दिवसांत झाल्या. दहा दिवसांत प्रसंग लिहून होतो. माणूस दहा दिवसांत तोंड उघडत नाही.

याच्या उलट एक जुनं उदाहरण मला फार आवडतं. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं आणि आपल्या सामाजिक कादंबऱ्या त्यात हप्त्याहप्त्यानं छापल्या. ‘पण लक्षांत कोण घेतो’मधली यमू त्यांनी अशीच लिहिली, एका बाईच्या तोंडून तिची स्वतःची गोष्ट. माझी समजूत अशी की त्या कादंबरीत घरातल्या बारीकसारीक बोलण्याला जी जागा मिळाली, तिचं थोडं श्रेय या संथ लयीला आहे. लेखकाला दर आठवड्याला पुन्हा त्याच माजघरात जावं लागत होतं.

तुमच्यासाठी पंचेचाळीस मिनिटं पुरे. हिशेब करून पाहा. छापील पानाला अडीचशे-तीनशे शब्द धरले तर दोनशे पानांची कादंबरी पन्नास-साठ हजार शब्दांची होते. रोज तीनशे शब्द झाले तर दोनशे दिवसांत पहिला खर्डा हातात येतो. सणवार, आजारपण, मार्चअखेरचं काम धरूनसुद्धा एका वर्षात. तीनशे शब्द म्हणजे फुलस्केप वहीचं जेमतेम दीड पान. एखादा दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी सहाशे लिहायचे नाहीत. बुडालेलं भरून काढायला लागलं की लिहिणं कर्जाच्या हप्त्यासारखं वाटू लागतं आणि आपण त्याच्यापासून तोंड लपवतो.

मी पाच ते पावणेसहा लिहायचे, कारण सहाला नळाला पाणी यायचं. तुमच्या घरात पहाटे मुलगी उठत असेल तर जेवणाच्या सुट्टीतली अर्धी सुट्टी घ्या. वेळ कोणतीही असो, जागा आणि वेळ मात्र बदलू नका. बसल्यावर पहिली दहा मिनिटं मी नवं काही लिहित नाही. कालचा शेवटचा परिच्छेद पुन्हा हातानं उतरवते. उतरवताना एखादा शब्द आपोआप बदलतो आणि त्या शब्दाबरोबर आत शिरता येतं. उठायचं मात्र अशा वेळी, जेव्हा पुढचं वाक्य माहीत असतं. पूर्ण रिकामं होऊन उठलात तर उद्या कोऱ्या पानासमोर बसावं लागेल.

हातानं लिहावं की मोबाइलवर, यावर लोक फार वाद घालतात. मला त्यात काही दम वाटत नाही. ज्यावर तुमचा हात अडखळत नाही त्यावर लिहा.

लिहायला काहीच सुचत नाही असे दिवस येतात. त्या दिवसांसाठी माझ्याकडे एक काम ठरलेलं आहे. मी पात्राला अर्ज लिहायला लावते. ‘महोदय, वरील विषयास अनुसरून’ या शब्दांनी सुरू होणारा खराखुरा अर्ज. ग्रामपंचायतीला, बँकेच्या शाखाधिकाऱ्यांना, मुलीच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना, कुणालाही. माणूस स्वतःची बाजू मांडायला लागला की काय सांगतो, काय गाळतो, कुठे लाचार होतो, कुठे अचानक ताठ होतो, सगळं दिसतं. आक्काच्या भावाकडून मी विहिरीच्या वीजजोडणीसाठी अर्ज लिहून घेतला होता. त्यात त्यानं ‘सदर विहीर मी स्वकष्टाने खणली असून’ असं लिहिलं. कथेत तो अर्ज कुठेच आला नाही. पण ‘स्वकष्टाने’ हा शब्द वाचला आणि मला तो माणूस समजला.

भाषेबद्दल एक गोष्ट सांगते, जी मला कुणी सांगितली नव्हती. आपल्या मराठीत माणसं जबाबदारी कुठे ठेवतात ते क्रियापदात दिसतं. ‘मी पाटली परत केली नाही’ आणि ‘पाटली द्यायची राहून गेली’, अर्थ एकच. पण दुसऱ्या वाक्यात करणारा माणूसच नाही. ‘पैसे खर्च झाले’, ‘हातून घडलं’, ‘बोलण्याच्या ओघात बोललं गेलं’, ‘तिला लागलं’. कार्यालयाच्या बाकावर मी हे वर्षानुवर्षं ऐकलं. मिळवलेल्या गोष्टी सांगताना माणूस ‘मी केलं’ म्हणतो आणि चुकलेल्या गोष्टी त्याच्या बोलण्यात आपोआप होतात. काही बायका याच्या बरोबर उलट बोलतात. मुलगा नापास झाला तर ‘मीच लक्ष दिलं नाही’, आणि घर बांधून झालं तर ‘झालं बाई एकदाचं’. तुमच्या प्रत्येक पात्राचे संवाद घेऊन बसा आणि फक्त क्रियापदांखाली रेघा मारा. सगळी पात्रं एकाच प्रकारची क्रियापदं वापरत असतील तर ती सगळी तुम्हीच आहात.

तसंच ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’. घरात कोण कोणाला काय म्हणतं याची यादी करा. आईला ‘अगं’ आणि वडिलांना ‘अहो’ म्हणणारं घर वेगळं, दोघांना ‘तू’ म्हणणारं वेगळं. मोठ्या जावेला लग्नानंतर वीस वर्षांनी धाकटी एकदा ‘तू’ म्हणून जाते, तो एक प्रसंग होऊ शकतो. ही सोय आपल्या भाषेत फुकट मिळाली आहे आणि नवे लेखक ती वापरत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. पात्रांची नावंही बहुधा मालिकांतून उचललेली असतात, ज्यांना गाव नाही, पिढी नाही. तुमच्या अप्पांचं नाव मात्र चांगलं आहे, ते बदलू नका.

बोलीबद्दल तुम्ही घाबरत विचारलंय की इचलकरंजीकडचं बोलणं तसंच ठेवलं तर चालेल का. ठेवा. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीतली कौतिक वऱ्हाडीत बोलते. तिचं एखादं पान प्रमाण मराठीत करून बघा. माहिती सगळी उरेल, पण तिचा ताठा, तिचा कडवटपणा, नवऱ्यावरची तिची चिडलेली माया निघून जाईल. फक्त एक करू नका. घरातल्या शिकलेल्या माणसाला प्रमाण भाषा आणि अडाण्याला बोली, अशी वाटणी करू नका. शिकलेला माणूससुद्धा आईशी भांडताना प्रमाण भाषा विसरतो. आणि कधीकधी भांडतानाच मुद्दाम प्रमाण भाषेत शिरतो, आईला दूर ढकलायला.

एक काळजीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. देण्याघेण्याची वही लिहायला लागलात की तुमच्या आसपासच्या खऱ्या माणसांची देणी त्यात उतरणार. पतसंस्थेत तर रोज लोकांची कर्जं तुमच्या नजरेखालून जातात. माझी सुरुवातीची एक कथा छापून आली तेव्हा आमच्या नात्यातल्या एका बाईंनी स्वतःला ओळखलं. मी नाव बदललं होतं, गाव बदललं होतं. पण त्यांच्या दुखऱ्या जागी मी जे बोट ठेवलं होतं ते त्यांना कळलं. त्या भांडल्या नाहीत. पुढची अकरा वर्षं आमच्या घरी आल्या नाहीत, आणि मग वारल्या. ती कथा वाईट नव्हती. पण त्यांनी माझ्याजवळ विश्वासानं काढलेली एक गोष्ट मी जशीच्या तशी उचलली होती आणि ते मला आजही सलतं.

तेव्हापासून मी एक बंधन पाळते. एका माणसाचं देणं दुसऱ्या माणसाच्या घरात नेते आणि तिसऱ्याच्या स्वभावातून ते फेडून घेते. आक्का म्हणून जी बाई तुम्हाला सांगितली ती कुणी एक नव्हती. विहीर एका घरची, सुटलेली शाळा दुसऱ्या घरची, आणि ‘वाचा’ हा शब्द एका अगदी वेगळ्या दस्ताच्या वेळी ऐकलेला. असं केल्यानं माणसं सुरक्षित राहतात आणि कथाही चांगली होते, कारण जोड लावताना लेखकाला स्वतः विचार करावा लागतो. खरी घटना जशीच्या तशी घेतली की आपण विचार करत नाही. असंच घडलं होतं, एवढ्यावर भागवतो.

आता अप्पा.

तुम्ही लिहिलेले अप्पा खर्चीवाले यंत्रमागधारक आहेत. व्यापाऱ्याकडून सूत घ्यायचं, पिकावर, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, ठरलेल्या मजुरीनं कापड विणून द्यायचं. चार माग होते, मजुरी परवडेना, दोन माग भंगारात गेले. हा तपशील तुम्ही एका ओळीत उरकलाय: ‘अखेर अप्पांनी जड मनाने दोन माग विकले.’ आणि मग त्यांच्या एकटेपणावर सहा पानं लिहिली आहेत, खिडकीत बसलेले अप्पा, पाऊस, जुना रेडिओ. ती सहा पानं बाजूला ठेवा. जे एका ओळीत उरकलंत तिथे थांबा.

तुमच्या गावात पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये आणला. म्हणजे अप्पांच्या आजोबांच्या पिढीपासून त्या गल्ल्यांत तो आवाज आहे. दोन माग बंद झाल्यावर घरातला आवाज निम्मा झाला असणार. पहिल्या रात्री कुणाला झोप आली नाही? अप्पांना, की बायकोला? आणि कुणाला पहिल्यांदाच शांत झोप लागली, आणि सकाळी त्याची लाज वाटली? ही शेवटची व्यक्ती तुमच्या कादंबरीत आहे. मला वाटतं ती अप्पांची सून आहे.

मग वही उघडा. अप्पा आणि तो व्यापारी: किती वर्षांचा संबंध, मुलीच्या लग्नात त्यानं काय दिलं होतं, त्या दिल्याची किंमत मजुरीतून कशी वसूल झाली असं अप्पांना वाटतं, आणि व्यापाऱ्याला काय वाटतं. अप्पा आणि कामगार: तो कुठल्या गावचा, त्याची उचल किती थकली होती, माग गेले त्या दिवशी ती उचल सोडली की मागितली. अप्पा आणि धाकटा मुलगा: माग घ्यायला जे कर्ज काढलं त्याला जामीन कोण होतं. जामीनकीचं तर तुम्हाला मी काही सांगायला नको. दुसऱ्याच्या कर्जावर सही करताना माणसाचा चेहरा कसा होतो, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिलंय.

तीन आठवडे फक्त एवढंच लिहा, रोज पाऊण तास. कादंबरीचं पान लिहू नका, मोह झाला तरी.

मग चौथ्या आठवड्यात तो दिवस लिहा. भंगारवाला टेंपो घेऊन आलाय. माग सुटा करायला दोन माणसं लागली आहेत. लोखंड काट्यावर चढतंय आणि वजन मोठ्यानं सांगितलं जातंय. दारात कोण उभं आहे, आत कोण निघून गेलं, पैसे मोजून कुणाच्या हातात दिले? आणि अप्पा त्या भंगारवाल्याला ‘अरे’ म्हणाले, की ‘अहो’?